मुलीनं गणिताची वहीच उघडायची सोडलीय, काय करू?

घाटकोपरच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सहावीत, सेमी इंग्रजीत. चौथीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी. पाचवीत अपूर्णांक आले आणि गाडी अडली. आता वही काढ म्हटलं की हिचं पोट दुखायला लागतं. क्लासचे सर म्हणतात सराव कमी पडतोय, शेजारीण म्हणते अबॅकस लावा, मामानं वैदिक गणित सुचवलंय, आणि मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या ॲपची जाहिरात येतेच. यातलं काय केलं तर तिला गोडी लागेल?

ताई, अबॅकसचं आधी सांगून टाकते, कारण फी भरायची मुदत बहुधा याच आठवड्यात असेल. सध्या नको. अबॅकसनं आकडेमोड भराभर होते, हे खरंय. पण तुमच्या लेकीची आकडेमोड अडलेलीच नाही. तीन छेद पाच म्हणजे नक्की किती, हे तिला दिसत नाहीये. वैदिक गणिताच्या युक्त्यांचंही तेच. गाडी पंक्चर झालीय आणि आपण हॉर्न बदलून बघतोय. ॲपवर मुलं एक गोष्ट फार लवकर शिकतात: चार पर्यायांतले दोन उघड चुकीचे असतात, उरलेल्या दोनांतला एक दाबायचा, लागला तर चांदण्या उडतात. चांदण्यांची गोडी लागते. गणिताची लागलेली मी तरी पाहिली नाही.

मी परळ-लालबाग भागातल्या मराठी शाळांमध्ये तीस वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवलं. सहावीत येऊन गणिताला घाबरणारी मुलं आळशी क्वचितच असतात. बऱ्याचदा ती शहाणी, नीटनेटक्या अक्षराची, सांगितलं तसं करणारी असतात. चौथीपर्यंतचं गणित सांगितलं तसं करून निभतं. हातचा घ्या म्हटलं, घेतला. अपूर्णांकात ते चालत नाही. इथे गुणलं की संख्या लहान होते. खालचा आकडा मोठा केला की वाटणी बारीक होते. ज्या आकड्यांवर आजवर विश्वास ठेवला तेच उलटे वागायला लागतात, आणि का, ते कोणी सांगत नाही. वर दहा उदाहरणं जास्त दिली जातात. पोट दुखणारच.

वर्गातल्या एका तासाची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. सहावीतल्या एका मुलानं फळ्यावर लिहिलं: १/२ + १/३ = २/५. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. वर्ग हसला. मी खोडलं नाही. म्हटलं, "अर्धा वडापाव खाल्लास. वर अजून एक तुकडा खाल्लास, वडापावचा तिसरा हिस्सा. आता अर्ध्याहून जास्त झालं की कमी?"

"जास्त."

"आणि दोन पंचमांश? अर्ध्याहून जास्त की कमी?"

त्यानं फळ्यावर एक पट्टी काढली, तिचे पाच भाग केले, दोन रंगवले. बघत राहिला. अडीच भाग म्हणजे अर्धं, हे त्याचं त्यालाच दिसलं. मग माझ्याकडे वळून अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, खाऊन कमी कसं झालं?"

तास इथेच संपला असता तरी चाललं असतं. पण मागच्या बाकावरून एक आवाज आला. "मॅडम, मॅचमध्ये असंच करतात पण." म्हणजे कसं रे? तर शिवाजी पार्कवर शनिवारी यानं टाकलेल्या दोन चेंडूंपैकी एक यष्टीला लागला, रविवारी तिनांपैकी एक. दोन्ही दिवस मिळून पाचांपैकी दोन. २/५. बरोबर आहे की नाही?

बरोबर आहे! चुकीचं म्हणून जे उत्तर आपण खोडतो, ते दुसऱ्याच एका प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर होतं. वडापाव दोन्ही वेळा एकच होता. चेंडू मात्र एकदा दोन होते आणि एकदा तीन. अर्धा कशाचा आणि तिसरा हिस्सा कशाचा, हे पाहिल्याशिवाय बेरीज करता येत नाही. त्या दिवशी पुस्तकातलं एकही उदाहरण झालं नाही. छेद सारखे का करायचे, हे मात्र त्या वर्गाला मला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

म्हणून घरी पहिला बदल एवढाच करा. उत्तर चुकलं की बरोबर उत्तर सांगू नका, "कसं केलंस ते मला सांग" म्हणा. उत्तर बरोबर आलं तरी तेच म्हणा, नाहीतर चार दिवसांत तिला कळेल की आई असं फक्त चुकल्यावर विचारते. आणि तुम्हाला स्वतःला अपूर्णांक येत नसतील तर उत्तमच. खरंच न समजणाऱ्या माणसाला समजावून सांगायला मुलांना फार आवडतं. फक्त "आम्हालाही गणित कधी आलं नाही, आपल्या घराण्यातच नाही" हे वाक्य घरात नको. मुलींच्या बाबतीत ते जरा जास्तच सहज म्हटलं जातं.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दर शनिवारी पाढ्यांची स्पर्धा घ्यायचे, हातात घड्याळ धरून. वर्गात उत्साह असायचा, मुख्याध्यापक खूश. एक मुलगी शनिवारी गैरहजर राहायला लागली. तिची आई येऊन सांगून गेली की शुक्रवारी रात्रीपासून पोट दुखतं हिचं. मला वाटलं, कारणं. पुढे एकदा मधल्या सुट्टीत तिला सहज विचारलं, सतरा सक? ती थांबली, आणि मग म्हणाली, "एकशे दोन." मी विचारलं, कसं गं? तर म्हणे सतरा पाचे पंच्याऐंशी पाठ आहे, त्यात सतरा मिळवले. पाढा म्हणजे काय हे तिला वर्गात सर्वांत चांगलं कळलं होतं. बाकीचे घोकलेलं म्हणत होते, ही दर वेळी उत्तर उभं करत होती, आणि त्याला दोन सेकंद जास्त लागतात म्हणून मी तिला दर शनिवारी हरवत होते. घड्याळ त्यानंतर मी वर्गात आणलं नाही. ती मात्र दहावीपर्यंत माझ्या तासाला शेवटच्या बाकावरच बसली.

पाढे नकोत असं मी म्हणत नाहीये. विसापर्यंत पाठ हवेतच, नाहीतर पुढे प्रत्येक ओळीत ठेच लागते. घड्याळ नको, एवढंच. आणि घरात आजी असेल तर तिला विचारा, पावकी, निमकी, सवायकी, दीडकी म्हणता येते का. पावाचा, अर्ध्याचा, सव्वाचा, दीडचा पाढा. औटकी म्हणजे साडेतीनचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत अपूर्णांक पाटीवर नंतर यायचे, तोंडात आधी असायचे.

तसे ते अजूनही तोंडात आहेत, हे सेमी इंग्रजीच्या नादात आपण विसरतो. सव्वादोन म्हणता येणाऱ्या मुलीला २ पूर्णांक १/४ माहीतच आहे. पावणेतीन म्हणताना ती तिनातून पाव वजा करते. शाळेत मात्र तिला 'टू अँड थ्री फोर्थ्स' भेटतं, तिथे दोन आहेत आणि मिळवायचंय. आवाजात तीन, कागदावर दोन. माझ्याकडे कितीतरी मुलं पावणेतीन ऐकून ३ पूर्णांक ३/४ लिहायची. हा बुद्धीचा दोष नाही, दोन भाषांचा सांधा कोणी जुळवून दिलेला नाही, एवढंच. न्यूमरेटर-डिनॉमिनेटर परीक्षेपुरते राहू द्या. घरी अंश, छेद, पाव, पाऊण, सव्वा, दीड यातच बोला. दूध दीड लिटर, डाळ पाऊण किलो, लोकल पावणेआठची.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय? विनोदही पुष्कळ झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: आपण सत्तावीस म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, लहान मुलं तिथे अडखळतात. वर्गात उभं राहिलेल्या कोणालाही हे पटेल, २७ ऐकून ७२ लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. पण मला स्वतःला जुनी नावंही सोडवत नाहीत, ती 'एकोण'साठी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. नावातच युक्ती आहे: ५९ आणि ३६ मिळवायचे तर साठ आणि छत्तीस मिळवा, एक काढा. (एकोणनव्वदपर्यंत हे सगळं शिस्तीत चालतं आणि मग नव्याण्णव येतो. का, ते मुलं विचारतातच. मी म्हणायचे, त्याला शंभराची घाई नाही.)

आता गोडीचं. लोक विचारतात, गणित मजेशीर कसं करायचं, जणू ते कडू औषध आहे आणि वरून साखर लावायचीय. मुलाला मजा एकाच गोष्टीत येते, आपण काहीतरी शोधून काढलं यात. त्यासाठी तुमच्या घरात आहे तीच सामग्री पुरते. ठिपक्यांची रांगोळी घ्या.

सात ते चार तुम्हाला माहीतच आहे. मधली ओळ सात ठिपक्यांची, तिच्या दोन्ही बाजूंना सहा, पाच, चार, मधे मधे. लेकीला वहीच्या मागच्या पानावर काढायला सांगा आणि फक्त विचारा, एकूण ठिपके किती? मोजेल, सदतीस म्हणेल. मग पाच ते तीन: एकोणीस. तीन ते दोन: सात. नऊ ते पाच: एकसष्ट. अकरा ते सहा: एक्याण्णव. आणि नुसता एक ठिपका, तोही रांगोळीच धरा. आता हे आकडे एका ओळीत लिहायला लावा: १, ७, १९, ३७, ६१, ९१. आणि तुम्ही गप्प बसा. अवघड आहे, पण बसा. बहुतेक मुलांना पाच-दहा मिनिटांत शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक सापडतो: ६, १२, १८, २४, ३०. सहाचा पाढा! कुठून आला? प्रत्येक वेळी बाहेरून एक कडं वाढतं आणि कड्याला सहा बाजू असतात. हे तिनं बोटानं कडं फिरवून दाखवलं की मग पुढचं सांगा: आता हेच आकडे पहिल्यापासून मिळवत जा. १. एक आणि सात, ८. त्यात एकोणीस, २७. त्यात सदतीस, ६४. मग १२५. मग २१६.

हे घन आहेत. दोनाचा, तिनाचा, चाराचा, पाचाचा, सहाचा. दारातल्या सपाट रांगोळीत घन कुठून आला, हा प्रश्न माझ्या एका वर्गानं दोन दिवस डोक्यात ठेवला होता. उत्तर एका मुलाच्या दप्तरात निघालं. रुबिक क्यूब घ्या, एक कोपरा बरोबर डोळ्यांसमोर धरा. तीन बाजू दिसतात आणि कडा षटकोनी दिसते, अगदी पाच ते तीनच्या रांगोळीसारखी. आता दिसणारे छोटे ठोकळे मोजा, कडेवरचे दोनदा न मोजता. एकोणीस. ही एकोणिसांची साल काढली तर आत दोन बाय दोनचा ठोकळा उरतो, आठांचा. त्याची सात ठोकळ्यांची साल काढली की एक. रांगोळी म्हणजे ठोकळ्याची साल. हे मी वर्गाला आधी सांगितलं असतं तर "बरं मॅडम" म्हणून पान उलटलं असतं.

वजाबाकीचा सराव हवाय ना क्लासच्या सरांना? मग कापरेकरांना बोलवा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा, नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते साल घ्या, १८५३. ८५३१ उणे १३५८, ७१७३. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. त्यापुढे कितीही केलं तरी ६१७४ च. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचता. नाही पोचलात तर वजाबाकीत कुठेतरी हातचा चुकलाय, आणि तो शोधायला कोणी सांगावं लागत नाही. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइल नंबरांचे शेवटचे चार आकडे घेतले तर एका संध्याकाळी तीस-पस्तीस वजाबाक्या होतात. तेवढ्या क्लासच्या वहीत सांगून बघा.

डोंबिवलीचे नातेवाईक असतील तर आणखी एक. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. या संख्यांना कापरेकरांनी डेम्लो नाव दिलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. कल्पना त्यांना तिथेच सुचली. नऊ एक्क्यांपर्यंत हा डोंगर सुबक चढतो आणि उतरतो. दहा एक्क्यांना काय होतं ते तिला हातानं करू द्या. डोंगर मधेच कोसळतो, आणि कोसळवतो तो हातचा.

लोकलमध्येही पुष्कळ आहे. सीएसएमटी ते ठाणे स्लो गाडीला दोन्ही टोकं धरून १९ स्टेशनं, अंतर ३४ किलोमीटर. दोन स्टेशनांमध्ये सरासरी किती? निम्मी मुलं १९ नं भागतात. बोटं पाच असली तरी फटी चारच, हे तेव्हा कळतं. क्षेत्रफळासाठी बीडीडी चाळींचा पुनर्विकास घ्या: जुन्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. खोलीची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर किती होईल? ६४०. म्हणजे तिप्पट मोठ्या घराच्या बाजू दुप्पटही नाहीत. घराघरांत रोज स्क्वेअर फुटांचीच चर्चा चालते, मुलांना त्यात घ्या की. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीतल्या मुलांच्या या शाळेबाहेरच्या गणितावर काम केलंय. घरच्या धंद्यात हात लावणाऱ्या मुलांना मापं आणि पैशांचे हिशेब किती येतात, ते शाळेच्या वहीत दिसत नाही.

आता तुमच्या लेकीपुरतं. महिनाभर सहावीचं पुस्तक मागे ठेवा आणि पाचवीचे, लागले तर चौथीचे अपूर्णांक काढा. कागदाच्या पट्ट्या कापून, घडी घालून. रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी. तिनं थांबूया म्हटलं की थांबायचं. क्लासच्या सरांना स्वच्छ सांगा की एक महिना जादा गृहपाठ नको. या चाचणीत मार्क पडतील, तेवढे पडू द्या. पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सगळंच गणितावर ढकलू नका. आणि आकडे सतत उलटे लिहिणं, दोन संख्यांतली मोठी कुठली हे न कळणं, घड्याळ न कळणं असं लहानपणापासून असेल तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळालं तर राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. चौथीपर्यंत पैकीच्या पैकी होते म्हणता, त्यावरून हिचं तसं काही वाटत नाही मला.

अबॅकसचे पैसे भरून झालेच असतील तर ती पाटी माळ्यावर टाकू नका. एका तारेवर दहा झाले की ती रिकामी करायची आणि पुढच्या तारेवर एक मणी सरकवायचा, हातचा म्हणजे काय ते दाखवायला याहून चांगलं काही नाही. दहा एक्क्यांचा तो डोंगर कोसळला की लगेच काढा.